फवारणीने काही होणार नाही: जुन्या पुस्तकांचा कागद आतून का तुटतो

निळी_शाई | १४ जून, रात्री ९:१२

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या वाचनालयात वरच्या फळीवरचे मासिकांचे बांधीव खंड खाली काढले. १९३६ सालचा एक खंड उघडला आणि पान उलटताना कोपरा चिमटीतच राहिला. टेबलावर तपकिरी भुगा पडला. कार्यकारिणीच्या बैठकीत एक जण म्हणाले, कसर लागली आहे, फवारणी करून घेऊ. दुसऱ्यांना ओल वाटली. फवारणीचे पैसे मंजूर व्हायच्या बेतात होते. मी थांबवलं, पण का थांबवलं ते तिथे पाच मिनिटांत धड सांगता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझी सगळी नोकरी कागद गिरणीच्या प्रयोगशाळेत गेली. सुरुवातीची बरीच वर्षं आम्ही आम्लधर्मी कागदच काढत होतो. लगद्यात राळेचा साबण आणि अ‍ॅलम घालायचं, पीएच (आम्लता मोजायचा आकडा: ७ उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्कली) साडेचारच्या आसपास धरून ठेवायचा, हे माझं रोजचं काम. त्या भुग्यात काय आहे ते मला वासावरून कळलं.

कसर भोकं पाडते, नागमोडी वाटा कोरते. वाळवी माती आणते. बुरशीचे डाग दिसतात. या खंडात यातलं काहीच नव्हतं. पान अखंड होतं, कडांना गडद, मध्ये फिकट, आणि दुमडलं की पापडासारखं मोडत होतं. हे काम आम्लाचं.

कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोज आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या घटकांची लांबच लांब साखळी. चांगल्या नव्या कागदात एका साखळीत सरासरी हजार-दीड हजार घटक असतात. या सरासरीला डीपी म्हणतात. दोन घटकांमधला बंध पाण्याचा रेणू तोडू शकतो. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. उदासीन कागदात हे इतकं सावकाश चालतं की शतकानुशतकं काही बिघडत नाही. आम्ल असलं की वेग कित्येक पटींनी वाढतो, आणि आम्ल त्यात खर्च होत नाही. एक बंध तुटला की तेच आम्ल पुढचा तोडायला मोकळं असतं.

आता हिशोब बघा. १००० घटकांच्या साखळीत ९९९ बंध. ती फक्त ३ ठिकाणी तुटली की २५०चे ४ तुकडे होतात. हजारातले तीनच बंध गेले. वजन तेवढंच, छपाई जशीच्या तशी. पण डीपी तीनशेच्या खाली आला की कागद हाताळता येत नाही. म्हणून पुस्तक फळीवर वर्षानुवर्षं ठीक दिसतं आणि ज्या दिवशी उघडाल त्या दिवशी मोडतं.

हे आम्ल बाहेरून आलेलं नाही, आम्हीच ते घातलेलं आहे. कोऱ्या कागदावर शाई फुटते, ती फुटू नये म्हणून कागदाला सायझिंग करावं लागतं. पूर्वी तयार ताव जिलेटिनमध्ये किंवा खळीत बुडवत. १८०७ साली मोरित्स फ्रीडरिख इलिग या जर्मन माणसाने राळ आणि तुरटी थेट लगद्यातच मिसळायची रीत प्रसिद्ध केली. ती यंत्रावर सोपी आणि स्वस्त, त्यामुळे जगभर पसरली. पुढे तुरटीच्या जागी अ‍ॅल्युमिनियम सल्फेट आलं. गिरणीत ‘अ‍ॅलम’ म्हणतात ते हेच. कागदात नेहमीच थोडा ओलावा असतो, त्या ओलाव्यात याचं सल्फ्युरिक आम्ल होत राहतं. दुसरी भर लाकडाची. १८४४च्या सुमारास फ्रीडरिख गोटलोब केलरने लाकूड दगडावर घासून लगदा करून दाखवला. या लगद्यात लिग्निन, म्हणजे लाकडातले धागे एकमेकांना धरून ठेवणारा पदार्थ, तसंच राहतं, ते उजेडाने पिवळं पडतं. लाकडातल्या हेमिसेल्युलोजमधून अ‍ॅसेटिक आम्लही सुटतं. राळ-अ‍ॅलम आणि घासलेलं लाकूड दोन्ही एकाच कागदात, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद. आमचे १९३६चे खंड त्याच जातीचे.

सेल्युलोज मोडताना फॉर्मिक, अ‍ॅसेटिक अशी नवी आम्लं तयार होतात आणि ती पुढची मोडतोड वाढवतात. म्हणजे कागद जितका खराब, तितका खराब होण्याचा वेग जास्त.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे खर्च करण्याआधी मोजा. कुठल्या कपाटातला कागद किती आम्लधर्मी आहे ते साध्या साधनांनी कळतं. कुणाला करायचं असेल तर पद्धती लिहिते.

---

रानवाट | १४ जून, रात्री १०:०५

ताई, लिहाच. आमच्याकडे आजोबांची शिळाप्रेसवर छापलेली पोथी आहे, १८६०-७०च्या दरम्यानची असावी. तिची पानं आजही मऊ आहेत. त्याच पेटीतली १९४४ची कादंबरी हातात धरवत नाही. जुनं टिकलं आणि नवं गेलं, हे कोडं मला लहानपणापासून आहे.

---

मोडीची_गोडी | १४ जून, रात्री ११:३१

रानवाट, तुमच्या कोड्याचं अर्धं उत्तर माझ्याकडे आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अठराव्या शतकातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून बघितलेत मी. अडीचशे वर्षांचा कागद, घडी उलगडा, परत घाला, काही होत नाही. तो जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद. जुने दोर, ताग, चिंध्या चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, कुटायचे, साच्यावर ताव काढायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं. धागे लांब, लिग्निन कमी आणि मुरवणीतला थोडा चुना कागदातच राहून गेलेला. वर बोरूने काजळीची शाई. काजळी म्हणजे नुसता कार्बन, ती कागदाला काही करत नाही. युरोपात लोखंड-मायफळाची शाई होती, ती आम्लधर्मी. तिकडच्या जुन्या कागदांत अक्षरांच्या जागी चिरा पडलेल्या दिसतात.

पण हातकागद अमर आहे असंही कुणी समजू नये. खळीमुळे कसर त्यालाच आधी लागते. ताईंनी फवारणी थांबवली ती मासिकांसाठी बरोबर, रुमालांच्या कपाटाला कीटकांची काळजी घ्यावीच लागते.

---

निळी_शाई | १५ जून, सकाळी ७:४८

मोडीची_गोडी, चुन्याचा मुद्दा लाखमोलाचा. तो चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कॅल्शियम कार्बोनेट होऊन कागदात बसतो आणि पुढे येणारं आम्ल खाऊन टाकतो. आमच्या भाषेत ‘अल्कली राखीव’. आज टिकाऊ कागदाचं आयएसओ ९७०६ हे मानक आहे, त्यातही हेच मागितलं आहे: किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका राखीव साठा, पीएच ७.५ ते १०, आणि लिग्निन जवळजवळ नाही, म्हणजे कप्पा नंबर (लिग्निन दाखवणारा आकडा) ५च्या आत. जुन्नरच्या कागद्यांनी कप्पा नंबर कधी ऐकला नसेल, पण त्यांची रीत या मानकाच्या दिशेने जाणारी होती.

रानवाट, तुमची पोथी बहुधा चिंध्यांच्या कागदावर आहे. १९४४ म्हणजे महायुद्धाचा काळ. कागदावर नियंत्रण होतं, मिळेल त्या कागदावर पुस्तकं निघाली. त्या चार-पाच वर्षांतलं मराठी छापील साहित्य सगळ्यात आधी तपासलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता चाचण्या, सोप्यापासून.

घडी: पानाचा अगदी लहान कोपरा पूर्ण मागे दुमडायचा, परत पुढे, ही एक दुहेरी घडी. एक-दोन घड्यांतच कोपरा सुटला तर पुस्तक वाचकाच्या हातात देण्यालायक नाही. दुर्मिळ पुस्तकावर ही चाचणी करू नका, कोपरा जातोच.

पीएच पेन: यात क्लोरोफेनॉल रेड असतं. रेघ जांभळी उमटली तर कागद उदासीन किंवा अल्कलीकडे, पिवळी राहिली तर आम्लधर्मी. डाग कायमचा राहतो, म्हणून शेवटच्या पानाच्या आतल्या कडेला ठिपका पुरे. चकचकीत कागदावर वरचा लेप खडूचा असतो आणि पेन फसतं. तिथे फाटलेली कड शोधून तिच्या आतल्या धाग्यांवर टेकवायचं.

थंड अर्क: खरा आकडा यातूनच मिळतो. गळून पडलेले तुकडे मिळून १ ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर ७० मिलि, एक तास मुरवून मीटरने पीएच घ्यायचा. आमच्या खंडाच्या भुग्यावर मी हेच केलं. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने मीटर वापरू दिला. उत्तर चार ते पाचच्या मध्ये आलं. हे मोजमाप लॉगरिथमिक असतं, हे विसरू नका. पीएच ५ म्हणजे ७च्या तुलनेत हायड्रोजन आयन शंभर पट.

फ्लोरोग्लुसिनॉल: हायड्रोक्लोरिक आम्लातला याचा थेंब घासलेल्या लाकडाच्या कागदावर लालभडक होतो. लिग्निन आहे याची खूण. सुट्या तुकड्यावरच करायचं, कारण द्रावणातच तीव्र आम्ल आहे.

राळ आहे का ते बघायला रास्पाइलची चाचणी आहे: साखरेच्या पाण्याचा थेंब, तो टिपून घेऊन वर संहत सल्फ्युरिक आम्लाचा थेंब, लाल रंग आला तर राळ. ही वाचनालयात कुणीही करू नये, प्रयोगशाळेतच.

डीपी मोजायला कागद क्युप्रिएथिलीनडायअमीनमध्ये विरघळवून द्रावण किती घट्ट वाहतं ते बघतात. साखळी लांब तर द्रावण घट्ट, तुटलेली तर पातळ. हे मी नोकरीत शेकड्यांनी केलंय. तो नमुना मात्र कायमचा जातो.

---

सातपुडा | १५ जून, सकाळी ११:२०

लेख आणि प्रतिसाद दोन्ही आवडले. एक शंका. हे सगळं कळण्याइतका अभ्यास पहिल्यांदा कुणी केला? की प्रत्येक देशात वेगवेगळं कळत गेलं?

---

निळी_शाई | १५ जून, दुपारी ३:०२

सातपुडा, आम्लाचा संशय विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून काही कागदतज्ज्ञांना होता. पण ग्रंथालयांना हलवून जागं केलं ते अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या विल्यम बॅरोने. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे, म्हणून जरा लांबण लावते. तो कागदपत्रं दुरुस्त करणारा कारागीर होता, रसायनशास्त्राची पदवी त्याच्याकडे नव्हती. जुने दस्त दुरुस्त करताना त्यालाही रानवाटांसारखंच कोडं पडलं की सोळाव्या-सतराव्या शतकातले कागद धडधाकट आणि आपल्या काळातले मोडके, असं का? त्याने १९०० ते १९४९ या काळात छापलेली ५०० पुस्तकं घेतली, दशकागणिक वाटून, आणि त्यांच्या कागदाची घडी सोसण्याची आणि फाटण्याची ताकद मोजली. निष्कर्ष १९५९ साली आले: फक्त ३ टक्के पुस्तकांचा कागद आणखी ५० वर्षांहून जास्त टिकेल असा होता.

त्याने कागद १०० अंश सेल्सियसला ७२ तास तापवून ते साधारण २५ वर्षांच्या म्हातारपणाएवढं धरलं होतं. या समीकरणावर पुढे रास्त टीका झाली. कोरड्या भट्टीत जे घडतं ते दमट फळीवर तसंच घडत नाही. आता ८० अंश आणि ६५ टक्के आर्द्रता अशी ओली पद्धतही वापरतात. पण कागद आम्लाने मरतो आणि अल्कली कागद वाचतो, हा त्याचा मूळ निष्कर्ष कुणाला खोडता आलेला नाही. शिवाय तो नुसतं निदान करून थांबला नाही. चुन्याच्या निवळीत आणि मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्यात बुडवून कागदातलं आम्ल मारायची पद्धत त्याने बसवली, आणि टिकाऊ कागद गिरणीत काढता येतो हेही दाखवून दिलं.

---

कोकणवारा | १५ जून, संध्याकाळी ६:४४

चुन्याची निवळी! ती तर घरी करता येईल. पुस्तकाची शिवण सोडून पानं बुडवून वाळवली तर? आमच्या गावच्या वाचनालयात हौशी मुलं आहेत, दोन महिन्यांत चार कपाटं करून टाकतील.

---

निळी_शाई | १५ जून, रात्री ८:१५

कोकणवारा, मुलांचा उत्साह ऐकून बरं वाटलं, पण कृपा करून हे करू नका. निवळीचा पीएच बाराच्या वर असतो. इतक्या तीव्र अल्कलीत घासलेल्या लाकडाचा कागद गडद पिवळा पडतो, आणि ज्या सेल्युलोजचं आधीच ऑक्सिडेशन झालं आहे ते उलट अल्कलीने तुटतं. रबरी शिक्क्यांची शाई, रंगीत छपाई, निळ्या शाईतल्या सह्या वाहून जातात. आणि ज्याची घडी एकदाही सोसत नाही असं ओलं पान उचलायला वर्षानुवर्षं हात बसलेला माणूस लागतो. बॅरोनेही पानांना आधार देऊनच हे केलं.

आणखी एक गोष्ट सगळ्यांनी पक्की लक्षात ठेवावी. आम्ल मारल्याने तुटलेली साखळी जोडली जात नाही. पुढची तूट मंदावते, एवढंच. म्हणून ही क्रिया कागद अजून मजबूत असताना करायची असते. ज्याचा भुगा होऊ लागला त्याला तिचा फार उपयोग नाही.

---

दूर्वांकुर | १५ जून, रात्री ११:५८ (जर्मनीतून)

मी लायपझिगला राहते. इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या इमारतीत १९९४ पासून पुस्तकांचं आम्ल घाऊक काढायचा कारखाना उभा राहिला. एका माहितीफेरीत ती पद्धत समजून घेतली होती. पुस्तकं न सोडता, बांधणीसकट करतात. आधी निर्वात टाकीत ठेवून कागदातला ओलावा जवळपास सगळा काढतात. मग मॅग्नेशियम आणि टायटॅनियमच्या इथॉक्साइडचं द्रावण आत सोडतात. पाणी नसतं, सिलिकॉन जातीचं एक द्रावक असतं, त्यामुळे शाई सहसा पसरत नाही. पुन्हा निर्वातात वाळवतात आणि मग काही आठवडे नियंत्रित हवेत ठेवतात. तेव्हा त्या मॅग्नेशियमचं कार्बोनेट होऊन कागदात साठा बसतो. सगळं बिनचूक होतंच असं नाही. काही पुस्तकांवर पांढरट थर येतो, चामड्याची बांधणी बाजूला काढावी लागते.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आधी डायएथिल झिंकच्या वाफेवर भर दिला होता. हा पदार्थ हवेशी आणि पाण्याशी गाठ पडताच पेट घेतो. १९८५-८६ मध्ये नासाच्या गॉडर्ड केंद्रातल्या चाचणी संयंत्रात अपघात झाले. पुढे १९९० च्या दशकात त्यांनी तो मार्ग सोडून मॅग्नेशियम ऑक्साइडचे बारीक कण फवारण्याची किंवा त्यात पुस्तक बुडवण्याची पद्धत स्वीकारली.

ताई, आपल्याकडे असं केंद्र राज्यात एक जरी झालं तरी किती वाचनालयांचा प्रश्न सुटेल.

---

निळी_शाई | १६ जून, सकाळी ७:२०

दूर्वांकुर, फार उपयुक्त. एका केंद्राची इच्छा माझीही आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. इतक्या जुन्या संस्था आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या फळ्यांवर नेमक्या आम्लधर्मी काळातल्या मराठी छपाईचा ढीग आहे. प्रत्येकाने आपापली यंत्रणा उभारावी ही अपेक्षा चुकीची ठरेल.

---

कट्टेकर | १६ जून, सकाळी १०:०९

मला कळत नाही इतका खटाटोप का. स्कॅन करा, पीडीएफ ठेवा. मजकूर वाचला म्हणजे झालं. कागद काय, जाणारच आहे.

---

टंकनिका | १६ जून, दुपारी १२:३५

कट्टेकर, मी स्कॅनिंगच्या कामावर चार वर्षं होते म्हणून लिहिते. मोडका खंड सपाट काचेवर दाबला की कणा तुटतो आणि प्रत्येक पान कडेला फुटतं. एका कार्यालयाने आमच्याकडे खंड पाठवले होते. ‘लवकर करा’ म्हणून आधीच्या कंत्राटदाराने कणे कापून पानं यंत्रातून सोडली होती. मधली कित्येक पानं यंत्रातच तुकडे होऊन गेली. त्यांची पीडीएफही नाही आणि कागदही नाही. आम्ही व्ही आकाराच्या पाळण्यात खंड अर्धवट उघडून वरून कॅमेऱ्याने फोटो काढायचो. वेळ लागतो, पण पान जगतं. म्हणजे स्कॅन करायलासुद्धा कागदात थोडा जीव शिल्लक लागतो.

---

निळी_शाई | १६ जून, दुपारी २:५०

टंकनिका, तुमचा शेवटचा मुद्दा कार्यकारिणीपुढे मांडणार आहे. कट्टेकर, छोट्या वाचनालयाने पैसा आधी चांगल्या छायाचित्रणावर घालावा हे मलाही पटतं. पण मूळ प्रत टाकू नये. छपाई कुठल्या कागदावर झाली, पान कधी बदललं, रंगीत चित्र कुठे चिकटवलं होतं, हे पीडीएफमधून पूर्ण कळत नाही. आजच्या फोटोत जे धूसर आलं ते उद्या पुन्हा घ्यायला मूळच लागतं.

आणि आता तर कागदाला हात न लावता त्याची तब्येत तपासता येते. स्लोव्हेनियातले मातिया स्त्रलिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निअर इन्फ्रारेड प्रकाशावरून पीएच, लिग्निन आणि डीपीचा अंदाज बांधायची पद्धत विकसित केली. २००९ साली त्यांनी जुन्या पुस्तकांच्या वासाचंही विश्लेषण केलं. कागदातून अ‍ॅसेटिक आम्ल, फरफ्युरल असे वायुरूप पदार्थ सुटतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून कागद कुठल्या अवस्थेत आहे ते सांगता येतं. मी सुरुवातीला वासावरून कळलं म्हणाले ते याच अर्थाने. व्हिनेगरसारखी आंबूस छटा आणि त्यात किंचित गोडसर, व्हॅनिलासारखा वास. ती गोडी लिग्निनची.

---

कोकणवारा | १६ जून, रात्री ९:२६

ताई, निवळी बाद, पटलं. मग आमच्यासारख्यांनी करायचं तरी काय? आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला हात लावला की ओला होतो. काहींनी सुचवलं की खंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करून डांबरगोळ्या टाका. एकाने तर फाटलेली पानं लॅमिनेट करून आणली.

---

निळी_शाई | १७ जून, सकाळी ८:३३

लॅमिनेशन तातडीने थांबवा. त्या गरम रुळांमधून जाताना मोडका कागद भाजतो, प्लॅस्टिक पुन्हा कधी सुटत नाही आणि आम्ल आत कोंडलं जातं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ओ. पी. गोयल यांनी १९५० च्या दशकात सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पापुद्रा आणि टिश्यू कागद अ‍ॅसिटोनने हाताने चिकटवायची रीत काढली होती. उष्णता नको, यंत्र नको, आणि आधी आम्ल मारून मगच लॅमिनेशन. दुकानातल्या लॅमिनेशनशी तिचा काही संबंध नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो.

हवेबद्दल. ही रासायनिक क्रिया तापमानाला फार संवेदनशील आहे. खोली २५ अंशांऐवजी २० अंशांवर ठेवली तर कागदाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. आपल्याला वातानुकूलन परवडत नाही, ठीक आहे. पण पत्र्याखालच्या माळ्यावरून खंड तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत आणणं परवडतं. आमच्याकडे पहिलं काम तेच केलं. भिंतीपासून कपाट वीतभर पुढे ओढा, मागून वारा खेळू द्या. दिवसा एसी आणि रात्री बंद, असं करू नका. तापमान-आर्द्रता सारखी वरखाली झाली की कागद फुगतो-आक्रसतो आणि मोडका कागद त्यानेच तडकतो.

पिशवीत बंद केलं तर कागदातून सुटणारी आम्लाची वाफ आतच राहते, आणि पावसाळ्यात बुरशी. डांबरगोळ्यांचा आम्लाशी काही संबंध नाही. त्यापेक्षा खंड अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठ्याच्या पेटीत आडवा ठेवा. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी चिंध्यांचा कागद मिळतो. त्यातून पेनने तपासून घेतलेला कागद पानांच्या दोन जुडग्यांमध्ये घालता येईल.

---

सातपुडा | १७ जून, दुपारी १:१४

मी दिवाळी अंकाच्या छपाईचं काम बघतो. पुढच्या पिढीला हाच भुगा मिळू नये म्हणून कागद घेताना काय विचारू?

---

निळी_शाई | १७ जून, दुपारी ४:४०

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा असं वाटत होतं. मॅपलिथो हा छपाईचा नेहमीचा कागद, पण सगळे मॅपलिथो सारखे नसतात. ‘सायझिंग अल्कलाइन आहे का, फिलर (लगद्यात भरायची पूड) कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडू आहे का, लगद्यात घासलेलं लाकूड किंवा रद्दी आहे का’ हे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारा. उत्तर नसेल तर नमुन्याचा ताव घ्या, फाडा आणि फाटलेल्या कडेवर पेन लावा. जांभळा आला तर घ्या.

आमच्या गिरणीत बदल झाला तेव्हा मी तिथेच होते. राळ-अ‍ॅलम गेलं, एकेडी नावाचं अल्कली चालणारं सायझिंग आलं. कारण ग्रंथालयं नव्हती. आम्लधर्मी लगद्यात खडू विरघळतो, अल्कली लगद्यात तो घालता येतो, आणि खडू लगद्यापेक्षा स्वस्त. त्या बदलाआधी मी ज्या कागदाला ‘पास’ म्हणून सही केली त्यावर कुठकुठली पुस्तकं छापली गेली असतील, हा विचार मला १९३६चा तो कोपरा हातात आल्यापासून सोडत नाहीये. तेव्हा आम्हाला उजळपणा, शाई न फुटणं आणि टनाचा दर एवढंच विचारलं जायचं. कागद किती वर्षं टिकेल हे तपासणीच्या तक्त्यात नव्हतंच.

---

रानवाट | १९ जून, रात्री १०:२२

ताई, पेन मागवून पोथी तपासली. शेवटच्या पानाच्या कडेला ठिपका जांभळा आला. आजी बघत होती, तिला फार बरं वाटलं.

पण मधे दोन पानांवर हाताच्या पंजाएवढा तपकिरी चौकोन आहे, समोरासमोर, हुबेहूब एकाच आकाराचे. त्या दोन पानांत वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं, आजोबांच्या वडिलांच्या निधनाची बातमी. चौकोन कात्रणाएवढाच आहे. कात्रणावर ठिपका पिवळाच राहिला. तपकिरी चौकोनावर लावायची हिंमत झाली नाही.

---

निळी_शाई | २० जून, सकाळी ७:०५

लावू नका, गरज नाही. कात्रणातलं आम्ल शेजारच्या पानांत उतरलं आहे, त्याचाच तो चौकोन. पानं अजून मऊ आहेत म्हणता, म्हणजे वेळेवर बघितलंत. कात्रण आजच बाहेर काढा. आजी परवानगी देत असतील तर त्याचा नीट फोटो काढा, पेनवर जांभळा येणाऱ्या नव्या कागदावर छापून घ्या आणि तो कागद पोथीत त्याच जागी ठेवा. मूळ कात्रण वेगळ्या कागदी पाकिटात. पाकिटावर पोथीचं नाव आणि दोन्ही पानांचे क्रमांक पेन्सिलने लिहून ठेवा.

आम्हीही काल खंड चाळताना मधे ठेवलेल्या जुन्या पावत्या, कात्रणं, वाळलेली पानं सगळी काढून घेतली. एका दुपारी दोन पिशव्या भरल्या. फवारणीचे पैसे कार्यकारिणीने पुठ्ठ्याच्या पेट्यांकडे वळवले आहेत. १९३५ ते ४५चे खंड छायाचित्रणासाठी आधी निघतील.